स्टेलफोंटा: कुत्र्याच्या मास्ट सेल गाठीवरचं इंजेक्शन

आमच्या राणीच्या मागच्या पायावर, अगदी खाली, मास्ट सेल ट्यूमर (कुत्र्यांच्या कातडीचा एक कॅन्सर) निघाला. तिथे कातडी इतकी तोकडी की गाठ आजूबाजूच्या भागासह कापली तर टाके घालायला काही उरत नाही. पाय काढायचा का, इथवर बोलणं गेलं. मग व्हेटनी स्टेलफोंटा सुचवलं.

यातलं द्रव्य टिगिलानॉल टिग्लेट. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या वर्षावनात ब्लशवुड नावाचं झाड आहे, त्याच्या बियांतून ते काढतात. ते थेट गाठीतच टोचतात. त्याने पेशींमधली प्रोटीन कायनेज सी नावाची एन्झाइम्स चाळवतात, गाठीतल्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात, दाह उसळतो आणि पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. युरोप आणि अमेरिकेत 2020 मध्ये याला मान्यता मिळाली. चाचणीत एका इंजेक्शननंतर 28 दिवसांनी 75 टक्के कुत्र्यांची गाठ पूर्ण गेली होती. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होतं.

आता जे कोणी नीट सांगत नाही ते. पहिले काही दिवस बघवत नाहीत. पाय सुजला, गाठ काळी पडली, मग गळून गेली आणि तिथे उघडा खड्डा राहिला. राणी लंगडत होती, वेदनाशामक लागलं. जखमेवर पट्टी बांधत नाहीत, ती उघडीच भरू देतात. साफ करताना हातमोजे घालाच, कारण स्रावात औषधाचा अंश असू शकतो. काही आठवड्यांत खालून गुलाबी कातडी भरून आली. पाय शाबूत आहे. माझ्याकडून पाचपैकी पाच.

इंजेक्शनच्या आधी-नंतरच्या गोळ्या अजिबात चुकवू नका. स्टिरॉइड, अँटिहिस्टामाइन आणि ॲसिडिटीची गोळी यासाठी, की मास्ट पेशी फुटल्या की हिस्टामाइनचा (ॲलर्जीत सुटतं ते रसायन) लोंढा सुटतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

याच ब्लशवुडच्या नावाने माणसांसाठी कॅप्सूल विकतात. कृपया घेऊ नका. गाठीत मोजून टोचलेलं शुद्ध द्रव्य आणि गिळलेला अर्क यांचा काही संबंध नाही. माणसांवर या इंजेक्शनच्या चाचण्या झाल्या आहेत, पण त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

गाठ इतरत्र पसरली असेल तर हे चालत नाही. आकारालाही मर्यादा आहे: युरोपात 8 घन सेंटिमीटर, अमेरिकेत 10. म्हणून मास्ट सेलचं निदान झालं की त्याच भेटीत व्हेटना गाठ मोजायला सांगा, वाढायची वाट बघू नका.