36 इंची बार क्लॅम्प, चारचा सेट: भाचीचं बुकशेल्फ ह्यांच्यावरच उभं राहिलं

भाचीची पुस्तकं वर्षभर जमिनीवर थप्प्या लावून ठेवलेली बघत होते, म्हणून ह्या वाढदिवसाला आपल्या हातानं बुकशेल्फ करून द्यायचं ठरवलं. करवत, पटाशी, गुण्या, रंधा सगळं घरात होतं, क्लॅम्प (फळ्या दोन जबड्यांत घट्ट आवळून धरणारी लांब दांड्याची पकड) मात्र नव्हते आणि आधी वाटलं होतं की दोरी बांधून नाहीतर वर वजन ठेवून भागेल. नाही भागत. खोबणीत फळी बसवताना ग्लू लावला की ती हलते, आणि तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखा दाब लागतोच.

हे क्लॅम्प 36 इंच उघडतात, माझं शेल्फ 30 इंच रुंद. आधी शेल्फपण 36 चंच करणार होते, पण फळीची जाडी तीच, 18 मिमी, ठेवून 30 चे 36 इंच केले तरी पुस्तकांनी भरल्यावर वाक दुपटीच्या आसपास जातो, म्हणून 30 वर थांबले.

खरी कमाल कळली ती कर्ण मोजताना (चौकट काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे येतात). चौकट आवळली, सांध्यातून ग्लूचे बारीक थेंब ओळीनं बाहेर आले, खूप समाधान वाटलं, आणि टेप लावली तर एक कर्ण दुसऱ्यापेक्षा 6 मिमी जास्त! मग क्लॅम्प जरा सैल करून लांब कर्णाच्या दिशेनं थोडे तिरके लावले, हळूहळू आवळत गेले, फरक 1 मिमीवर आला. ग्लू सुकायच्या आतच हे करावं लागतं, त्यामुळे एकदा ग्लू न लावता पूर्ण जुळवून बघाच. दांड्याखाली सेलोटेप किंवा कागद पण ठेवा, कारण लाकडात टॅनिन (काही लाकडांत असणारं तुरट द्रव्य) असेल तर लोखंड आणि ओला ग्लू मिळून काळा डाग पडतो आणि तो पॉलिशखाली लपत नाही.

तक्रार एकच पण मोठी. एका क्लॅम्पच्या जबड्याचं प्लास्टिकचं टोपण दुसऱ्याच दिवशी निघालं, माझ्या लक्षात आलं नाही आणि फळीवर चांगला खोल वळ उमटला. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली तेव्हा दबलेले रेषे फुगून वर आले, मग 180 नंबरचा पॉलिश पेपर मारला, आता बोट फिरवून शोधावं लागतं. पण तेव्हा जीव अगदी कासावीस झाला होता, कारण ती फळी वरची, समोर दिसणारी होती. तेव्हापासून जबड्याखाली लाकडाचा तुकडा ठेवल्याशिवाय आवळत नाही.

आणि चार पुरत नाहीत. पाच आडव्या फळ्या एकदम आवळता आल्या नाहीत, दोन टप्प्यांत करावं लागलं, एक अख्खा दिवस जास्त गेला. दोन अजून मागवलेत, धाकट्या भाच्यालाही तसंच शेल्फ हवंय.