मावळतीच्या उजेडात एफ/११ : भाट्याच्या खाडीवर कॅननची आरएफ ६०० मिमी लेन्स

कॅननची आरएफ ६०० मिमी एफ/११ ही लेन्स २०२० साली बाजारात आली. तिचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/११ या बऱ्याच लहान मापावर कायमचे बसवलेले आहे. ते मोठे करता येत नाही आणि लहानही करता येत नाही. त्यामुळे उजेड उतरला की ही लेन्स पिशवीत ठेवायची, असे पक्षी टिपणारे सर्रास म्हणतात. गेले दोन हिवाळे रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर मी ती आर६ कॅमेऱ्याला लावून वापरतो आहे आणि माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे. पक्ष्यांच्या छायाकृती, म्हणजे उजळ आकाशापुढचे नुसते काळे आकार, टिपायच्या असतील, तर मावळतीची वेळ हीच या लेन्सची वेळ आहे.

छायाकृतीत उजेड मोजायचा तो पक्ष्यावरचा नव्हे, तर त्याच्या मागच्या आकाशाचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य पाण्याला टेकतो, तेव्हा त्याच्या आसपासचे आकाश इतके उजळ असते की १/१००० सेकंद शटर आणि १६०० आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ठेवून उडता कुरव पंखांच्या टोकांपर्यंत रेखीव येतो. सूर्य बुडाल्यावर दहा-बारा मिनिटांनी १/५०० शटर आणि ६४०० आयएसओवर जावे लागते, आणि तेवढे आर६ चा सेन्सर निभावून नेतो. त्यानंतर मात्र उडत्या पक्ष्यांचा नाद सोडून बसलेल्यांकडे वळावे. लेन्समधली कंपनरोधक यंत्रणा पाच स्टॉपची, म्हणजे एरवीपेक्षा सुमारे बत्तीसपट संथ शटर चालवू देणारी, असल्याने कोपर पुलाच्या कठड्यावर टेकवून १/६० लाही हात स्थिर राहतो. बगळ्याने मान वळवली तर ती पुसट येणारच.

वजन अवघे ९३० ग्रॅम असल्याचा खरा लाभ मला एका ओहोटीच्या संध्याकाळी कळला. खाडीत रोवलेल्या खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसला होता आणि पहिल्या चित्रात पक्षी, खुंट आणि मागची कांदळवनाची रेघ मिळून एकच काळा गोळा दिसत होता. ट्रायपॉडचा खटाटोप नसल्याने मी लगेच चार पावले डावीकडे सरकलो, थोडा उंचावर उभा राहिलो, आणि चोचीच्या टोकाचा बाक पाण्यावरच्या नारिंगी उजेडात सुटा झाला. दोन पायांमधली बोटभर फटही उजळली. छायाकृतीत पिसे नसतात, रंग नसतो, डोळा नसतो. पक्षी ओळखायचा तो अशा फटींवरून आणि बाकांवरूनच.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. एफ/६.३ च्या लेन्समधून येतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश हिच्यातून येतो. आर६ वर फोकस फक्त चौकटीच्या मधल्या भागात, म्हणजे रुंदीच्या सुमारे ४० आणि उंचीच्या ६० टक्क्यांत मिळतो, त्यामुळे पक्षी कडेला हवा असेल तर नंतर चित्र कापावे लागते. पाणी आणि धूळ रोखणारे सील तिला नाहीत, म्हणून खाऱ्या वाऱ्यात काम झाले की मी ती मऊ कापडाने पुसल्याशिवाय पिशवीत घालत नाही. आणि ६०० मिमीची कोणतीही लेन्स प्रखर सूर्यावर रोखू नये, कारण त्याने सेन्सर आणि शटर दोन्ही भाजू शकतात. सूर्य क्षितिजावर लाल आणि मंद होईपर्यंत थांबावे.

संस्करणाचा, म्हणजे चित्र नंतर संगणकावर सुधारण्याचा, निम्मा भाग टिपतानाच उरकतो. मावळतीच्या आकाशात लाल रंगाचा चॅनल सर्वांआधी फुटतो, म्हणजे जास्त उजेडाने त्यातला तपशील नाहीसा होतो, म्हणून हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखात) लाल रेघ उजव्या कडेच्या अलीकडे राहील इतकाच उजेड घ्यावा. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) असावी आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचे समायोजन, ‘डेलाइट’वर ठेवावा; ‘ऑटो’ नारिंगी रंगाला दोष समजून तो धुऊन टाकतो. लाइटरूम या चित्र-संपादन प्रणालीत मी शॅडोज (सावलीचे भाग) वर उचलत नाही, उलट ब्लॅक्स (सर्वांत गडद भाग) खाली ओढतो, आणि पंखांवरचा अर्धवट करडा तपशील पुरता काळा झाला की थांबतो. क्लॅरिटी आणि डीहेझ या चित्र उठावदार करणाऱ्या सोयींपासून दूर राहावे, कारण पक्ष्याभोवती पांढरट किनार उमटते आणि ती एकदा दिसली की डोळ्यांसमोरून हलत नाही. नॉइज (जास्त आयएसओमुळे चित्रात येणारे दाणे) काढतानाही हात आखडता घ्यावा: आकाश अगदी गुळगुळीत केले तर जेपेगमध्ये रंगांचे पट्टे पडतात, थोडे दाणे राहू दिले तर पडत नाहीत.

एफ/११ मुळे सेन्सरवरची धूळ मोकळ्या आकाशात ठळक दिसते. ती काढण्याआधी चित्र शंभर टक्के मोठे करावे, कारण दूरचा कुरव आणि धुळीचा ठिपका लहान चित्रात सारखेच दिसतात. मी असा एक कुरव पुसून टाकला होता. छापील प्रत हातात आल्यावर थव्यात एक जागा रिकामी दिसली आणि मूळ फाइल पुन्हा उघडावी लागली.

कांदळवनाच्या सावलीत खंड्याची निळाई ज्यांना टिपायची आहे, त्यांनी ही लेन्स घेऊ नये. पुलावर उभे राहून पश्चिमेकडे तोंड करणाऱ्यांनी मात्र एफ/११ या आकड्याला बिचकू नये.