आहारतज्ज्ञांचा सल्ला: तीन महिन्यांचा अनुभव

जिना चढताना धाप लागायची, दुपारी डोळे उघडे ठेवणं जड जायचं. मी वयाला दोष देत बसले होते. हिमोग्लोबिन 9.4 आलं (बायकांमध्ये 12च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात), तेव्हा डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

पहिली भेट तासभर चालली. वजनाबद्दल बाईंनी अवाक्षर काढलं नाही. मी काय खाते यापेक्षा कधी आणि कशासोबत खाते, हे खोदून खोदून विचारलं. जेवणावर लगेच चहा घ्यायची माझी सवय तिथेच सापडली. चहामुळे वनस्पतिजन्य अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि सोबत क जीवनसत्त्व असेल तर तेच लोह जास्त अंगी लागतं. इतकी साधी गोष्ट मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितली नव्हती!

तक्रार एकच. हातात दिलेला तक्ता फार किचकट आहे, मला तो दोनदा समजावून घ्यावा लागला.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.8. धाप थांबली, आणि संध्याकाळी लेकीचा अभ्यास घेताना चिडचिड होत नाही. मला ही गोष्ट आकड्यापेक्षा मोठी वाटते. गोळ्या अजून चालू आहेत, पुढची भेटही ठरवली आहे.