हाडात रॉड टाकल्यावर इन्फेक्शनची शंका: सीआरपी, ईएसआर की पांढऱ्या पेशी?

घोडबंदर रोडवर बाइक घसरली, नडगीत रॉड पडला, टाकेही निघाले. आणि आता पाय पुन्हा ठणकतोय. अशा वेळी ठाण्यातली बरीच घरं आधी लॅबला फोन करतात. माणूस घरी येऊन रक्त नेतो, पण तपासणी कुठली सांगायची? मी लॅबमध्ये रिपोर्ट तपासते, म्हणून हा प्रश्न रोज ऐकते. एकच तपासणी करायची असेल तर सीआरपी करा, पण ती एकदाच करून थांबू नका.

सीआरपी हे सूज किंवा संसर्ग झाला की यकृतात जास्त तयार होणारं प्रथिन. ऑपरेशननंतर ते सगळ्यांचंच वाढतं, जंतू असोत वा नसोत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वांत वर असतं, मग झपाट्याने उतरतं आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर येतं. म्हणून चौथ्या दिवशीचा मोठा आकडा पाहून हबकू नका. खरी काळजी तेव्हा, जेव्हा उतरलेला आकडा पुन्हा चढतो किंवा उतरायचं नावच घेत नाही. हा चढउतार दिसायला किमान दोन रिपोर्ट लागतात, तेही शक्यतो एकाच लॅबचे. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आकडा देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ४ प्रति डेसिलिटर म्हणजे ४० प्रति लिटर! एकक न बघता ‘सीआरपी चारवर आला’ म्हणून खूश झालेले नातेवाईक मी पाहिले आहेत. पॅकेजमधली एचएस-सीआरपी हृदयविकाराचा धोका जोखण्यासाठी असते, इथे साधी पुरते. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो किंवा छातीचा संसर्ग झाला तरी सीआरपी वाढतो, तेव्हा ताप-खोकला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ईएसआर म्हणजे नळीतल्या रक्तात तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग. तपासणी स्वस्त आहे, पण संथ. ऑपरेशननंतर तो कित्येक आठवडे चढलेलाच राहू शकतो. रक्त कमी असेल, वय जास्त असेल, बाई गरोदर असेल, तरी वाढतो. पहिल्या महिन्यात एकट्या ईएसआरवर मी काहीच ठरवणार नाही. पांढऱ्या पेशी सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, आपोआप मोजल्या जातात, त्या बघाव्यात. मात्र त्या नॉर्मल आल्या म्हणून निर्धास्त होऊ नये.

२०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा: प्रत्यक्ष इन्फेक्शन असलेल्यांपैकी सीआरपीने सुमारे ७७ टक्के पकडले, पांढऱ्या पेशींनी ५२, ईएसआरने ४५. इन्फेक्शन नसलेल्यांना ‘नाही’ म्हणण्यात ईएसआर पुढे, सुमारे ७९ टक्के, सीआरपी ६८. म्हणजे सर्वांत चांगली तपासणीसुद्धा चारातला जवळजवळ एक रुग्ण सोडते, आणि इन्फेक्शन नसलेल्या तिघांतल्या एकाला उगाच घाबरवते.

हाड मोडल्यानंतरच्या इन्फेक्शनच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही रक्ताच्या आकड्यांना फक्त ‘शंका’ म्हणून जागा आहे. निदान पक्कं ठरतं ते जखमेतून पू आला, जखम उकलून हाड किंवा प्लेट दिसू लागली, किंवा खोलवरच्या किमान दोन वेगळ्या नमुन्यांत तोच जंतू सापडला तर. जखमेतून पाणी वाहत असेल, टाक्यांभोवती लाली आणि ऊब असेल, तर सीआरपी नॉर्मल असला तरी त्याच दिवशी सर्जनना दाखवा, रिपोर्टची वाट पाहू नका.

एक कळकळीची विनंती. आकडा वाढलेला दिसला म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. गोळ्या पोटात गेल्या की पुढे हाडाजवळचे नमुने घेतले तरी कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहताना, जंतू उगवेलच असं नाही, आणि मग नेमकं औषध निवडणं अवघड होतं. रुग्णाची तब्येत परवानगी देत असेल तर नमुन्यांआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवायचा सल्ला देतात, तो निर्णय मात्र सर्जनचाच. नमुनेही एक नाही, पाच तरी घेतात, आणि कल्चर काही वेळा १४ दिवस ठेवावं लागतं, कारण रॉडला चिकटून बसणारे काही जंतू फार सावकाश वाढतात.