ट्रिपल लुमेन सेंट्रल लाईन: सीसीयूतल्या सिस्टरचा अनुभव

७ फ्रेंचचं (नळीच्या जाडीचं माप) तीन लुमेनवालं, म्हणजे आत तीन वेगळ्या वाहिन्या असलेलं, सेंट्रल लाईनचं (मोठ्या शिरेत घालायची नळी) किट. आधी आमच्याकडे डबल लुमेन यायची, आता हीच वापरतो. थोडी महाग पडते पण इनोट्रोपवरचा (हृदय आणि बीपी सांभाळणारी औषधं सतत चालू असलेला) पेशंट असेल तर तिसरं लुमेन पाहिजेच.

डबल लुमेनच्या वेळची एक रात्र अजून आठवते. एका लुमेनला थ्री-वे (तीन तोंडांचा जोड) लावून डोबुटामिन आणि नॉरॲड (नॉरॲड्रेनालिन) ही दोन इनोट्रोप, दुसऱ्यात ब्लड, हाताला शीर मिळेना, आणि डॉक्टरांनी लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) स्टॅट, म्हणजे ताबडतोब, सांगितलं. नवीन मुलीने ते डोबुटामिनच्याच पोर्टमधून दिलं आणि डोळ्यांदेखत एक्स्टेंशन (जोडनळी) पांढरंफटक झालं. लगेच क्लॅम्प केलं, अख्खी लाईन बदलली, पेशंटपर्यंत काही गेलं नाही पण तेवढ्या वेळात इनोट्रोप बंद, बीपी धाडकन खाली. तिला काय बोलणार, दुसरी जागाच नव्हती तिच्याकडे.

लॅसिक्स अल्कलाइन असतं, डोबुटामिन-मिलरिनोन ॲसिडिक, लॅसिक्सशी एकत्र आले की साका धरतो. अमिओडॅरोनचं (ठोके नियमित करणारं औषध) लॅसिक्स, हेपॅरिन, सोडा बायकार्ब कुणाशीच जमत नाही, ते बनवायचं पण डी-फाइव्हमध्येच (५% डेक्स्ट्रोज). बायकार्बने तर नॉरॲड निकामी होतं आणि ते लगेच डोळ्यांना दिसेलच असंही नाही, ही जास्त भीतीची गोष्ट.

आता ब्राऊन लुमेनमध्ये सीव्हीपी (मोठ्या शिरेतला दाब मोजणं) आणि ब्लड, निळ्यात फक्त इनोट्रोप (नॉरॲड-डोबुटामिन एकमेकांशी नीट राहतात), पांढऱ्यात लॅसिक्स, आधी आणि नंतर सलाइनने फ्लश करून. निळ्याला मात्र कधीच फ्लश नाही, नळीत अडकलेलं सगळं औषध एकदम आत जातं आणि बीपी छतावर. अमिओडॅरोन पण सुरू झालं की तीन लुमेनही कमी पडतात, मग शीर मिळाली तर लॅसिक्स हाताच्या व्हेनफ्लॉनमधून (शिरेतली छोटी नळी). आणि एनटीजीसाठी (नायट्रोग्लिसरीन) पीव्हीसी प्लास्टिक नसलेली ट्यूब वेगळी मागवा, साध्या ट्यूबला औषध चिकटून बसतं, पेशंटला कमी जातं.

तक्रार एकच, हबवरची (लुमेनच्या बाहेरच्या तोंडावरची) डिस्टल-प्रॉक्सिमलची, म्हणजे कुठलं लुमेन टोकाला उघडतं आणि कुठलं अलीकडे याची, अक्षरं इतकी बारीक आहेत की रात्री टॉर्च लागतो, आम्ही प्रत्येक लुमेनला स्वतः लेबल लावतो. किटमध्ये कंपॅटिबिलिटीचा (कुठलं औषध कशाबरोबर चालतं त्याचा) चार्ट पण नसतो. आम्ही फार्मासिस्टकडून तपासून घेऊन लॅमिनेट करून बेडशी लावलाय, आणि नवीन मुलींना पहिल्या दिवशीच सांगते, चार्टमधला रिकामा चौकोन म्हणजे तपासलेलं नाही, म्हणजे एकत्र द्यायचं नाही.

पाचपैकी साडेचार, अक्षरं मोठी केली की उरलेला अर्धा पण देईन.