टर्बोच्या ऑइल पंपाचं वायरिंग आणि माधवनगर रोडवरचे मामा

सांगलीत गाडीचं वायरिंग नीट करून घ्यायचं असेल आणि घाई नसेल, तर माधवनगर रोडवरच्या या वायरमनकडं जा. घाई असेल तर जाऊ नका. दुकानाला पाटी नाही आणि नेमका पत्ता टाकू नका असं त्यांनीच बजावलंय, गर्दी नको म्हणून. विचारत गेलात तर सापडतील. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

माझ्या जुन्या मारुती एस्टीमला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) मागं बसवलाय, सायलेन्सरच्या जागी. बॉनेटखाली जागाच उरली नव्हती. अमेरिकेतल्या स्क्वायर्स टर्बो सिस्टिम्सनं अशी मागं बसवायची किट विकून ही पद्धत लोकप्रिय केली. आपल्याकडं अजून ती कुतूहलाचीच गोष्ट आहे. पुढं बसवलेल्या टर्बोतलं ऑइल उतारानं आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, पडतं. मागचा टर्बो गाडीच्या पोटाखाली, चेंबरच्या पातळीला किंवा त्याहून खाली. ऑइल तिथवर इंजिनच्या प्रेशरनं जातं, पण परत यायला उतार कुठाय? ते पंपानंच ओढून आणावं लागतं. पंप थांबला की टर्बोच्या मधल्या भागात ऑइल तुंबतं, शाफ्टच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं, मागं धुराचा लोट निघतो आणि पुढं चेंबरमधलं ऑइल कमी होत जातं. एवढ्याशा बारा व्होल्टच्या मोटरवर अख्खं इंजिन अवलंबून असतं.

पंप मी स्वतःच मागवून नेला होता. गिअर टाइप, गरम ऑइलसाठीच बनवलेला. पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप लावून भागवणारेही आहेत, त्यांच्या नादी लागू नका. तो पातळ आणि गार पेट्रोलसाठी केलेला असतो, टर्बोतून निघालेल्या ऑइलपुढं त्याची सीलं टिकत नाहीत.

मामांनी पंप हातातही घेतला नाही. आधी विचारलं, “मालक, गाडी रोडवर फिरवणार का?” मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीच्या मूळ रचनेत असला बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. गाडी फक्त ऑटोक्रॉसला, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या शर्यतीला, जाते आणि तीही टेम्पोवर चढवून, असं सांगितल्यावरच त्यांनी काम घेतलं. इथंच ते मला आवडले.

आता वायर. माझा धंदा मोटर रिवायंडिंगचा. तासगावकडच्या द्राक्षबागांतल्या बोअरच्या मोटारी माझ्याकडं येतात, आणि त्यातल्या कितीतरी बारीक केबलनं जळालेल्या असतात. लांबवर बारीक केबल टाकली की व्होल्टेज पडतं, करंट वाढतो, वायंडिंग जातं. गाडीतला हा पंप डीसी मोटरचा, त्याचं तसं होत नाही. व्होल्टेज पडलं की तो नुसता हळू फिरतो. जळाला असता तर निदान कळलं तरी असतं. म्हणून वायरच्या बाबतीत मी मामांवर बारीक लक्ष ठेवून होतो.

त्यांनी न सांगता अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर काढली. बॅटरी पुढं, पंप मागं, जाऊन येऊन दहा मीटर धरा. पंप सात अँपियर ओढतो. एवढ्यात अडीच स्क्वेअरला अर्धा व्होल्ट पडतो, एक स्क्वेअरला सव्वा ते दीड. अर्थसुद्धा त्यांनी बॉडीला न देता दुसरी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली, कारण एस्टीमच्या वयाच्या गाडीत मागचा पत्रा कुठं गंजलाय याचा भरवसा नाही. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून मीटर लावला: बॅटरीवर 14.1, पंपाच्या टोकाला 13.6. हिशेबाप्रमाणंच.

फ्यूज पंधरा अँपियरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. सकाळी ऑइल गार आणि घट्ट असताना पंप दहाच्या आसपास ओढतो, म्हणून दहाचा फ्यूज चालत नाही. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपणं, सगळी क्रिंप केलेली (दाबून बसवलेली), सोल्डर नाही. हादऱ्यांनी वायर सोल्डर संपतो तिथंच तुटते, हे त्यांचं म्हणणं आणि माझाही अनुभव. लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, दारांच्या पट्टीखालून आतून नेलाय, स्टेपनीजवळ रबरी ग्रोमेटमधून बाहेर काढलाय आणि एक्झॉस्टजवळच्या तुकड्याला फायबर ग्लासची स्लीव्ह आहे. रिले, म्हणजे छोट्या करंटवर पंपाचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, मागच्या सीटखाली, कोरड्यात.

रिले कशावर चालवायचा यावर आमची बरीच वादावादी झाली. मला तो ऑइल प्रेशरच्या स्विचवर हवा होता. मामा म्हणाले, कंपनीचा स्विच उलटा असतो, प्रेशर नसताना अर्थ देतो आणि प्रेशर आलं की तोडतो. साधा रिले त्यावर टाकला तर इंजिन थांबलेलं असताना पंप फिरणार आणि चालू झालं की थांबणार. रिलेच्या 87ए च्या टोकावरून (रिले बंद असताना जोडलेलं असतं ते) जमवता येतं, पण मग गाडी बंद केल्यावर पंप लगेच थांबतो आणि टर्बोत उरलेलं ऑइल तिथंच राहतं. शेवटी इग्निशनवर चालणारा टायमर रिले लावला. चावी फिरवली की पंप सुरू, आणि चावी काढल्यावर आणखी तीस सेकंद चालतो. इग्निशनची वायरसुद्धा त्यांनी टेस्ट लॅम्प लावून निवडली, कारण काही वायरींचा सप्लाय सेल्फ मारताना तुटतो.

“आणि पंप बंद पडला तर तुम्हाला कळायचं कसं?” हा प्रश्न त्यांचाच. उत्तर म्हणून त्यांनी एक एलईडी लावला, एक टोक इग्निशनला आणि दुसरं पंपाच्या पॉझिटिव्हला. पंपाला सप्लाय मिळतोय तोवर दोन्हीकडं सारखंच व्होल्टेज, दिवा बंद. फ्यूज उडाला किंवा रिले गेला की दिव्याला पंपाच्या वायंडिंगमधून अर्थ मिळतो आणि तो लागतो. दोन रुपयांचा एलईडी आणि एक रेझिस्टन्स. पंपच जाम झाला आणि फ्यूज टिकून राहिला, तर मात्र हा दिवा काही सांगत नाही. पंपाची अर्थ वायर तुटली तरी नाही. मामांनी ते आपणहून सांगितलं.

तक्रारी आहेत. सगळ्या वायरी लाल, फक्त टोकांना कागदी पट्ट्या चिकटवल्यात. तेलकट हात लागले की त्या निघणार, मग पुढचा वायरमन मला शिव्या घालणार. एलईडी हँडब्रेकजवळ बसवलाय, जिथं गाडी चालवताना नजर जात नाही. मी डॅशवर मागितला होता, तर डॅश उघडायचे वेगळे पैसे सांगितले. फोन उचलत नाहीत. कच्चं बिलसुद्धा मागितल्यावरच मिळालं. दुपारी दुकान कधी उघडेल ते शेजारच्या पंक्चरवाल्यालाच माहीत.

मजुरी साडेतीन हजार, सामान वेगळं. टायमर रिले त्यांच्याकडं नव्हता, मला कोल्हापूरहून आणावा लागला. पाइपिंगला ते हात लावत नाहीत: पंप टर्बोच्या ड्रेनपेक्षा खाली बसवून आणि आधी जाळी लावून गाडी न्यायची, नाहीतर परत पाठवतात. जाताना पंपाच्या प्लेटवरचे अँपियर लिहून न्या, आणि लाल-काळी सोडून दुसऱ्या रंगाची वायर हवी असेल तर तीही सोबत घ्या.