निओसिटीजवर आठ महिने: फ्लॉपीतली साईट परत उभी केली, त्याचा अनुभव

निओसिटीज म्हणजे इंटरनेटवर स्वतःची साईट ठेवायला फुकट जागा देणारी सेवा, तिथवर मी कसा पोचलो ते आधी सांगतो. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी दुकानाचा पोटमाळा झाडायला काढला तेव्हा रिबनींच्या खोक्यात एक निळी फ्लॉपी मिळाली, वर स्केचपेननं माझ्याच अक्षरात 'गड साईट फायनल'. खानापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे जुनं सामान टाकायचं म्हटलं की हात जड होतो. बाहेरून लावायचा फ्लॉपी ड्राईव्ह मागवला. सहा फाईलींपैकी एकच उघडली, बाकीच्यांना बुरशीनं खाल्लं होतं. नोटपॅडमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, कसलीतरी चिन्हं, कशाचा कशाला मेळ नाही. पण मला ते ओळखीचं होतं. सगळं सिलेक्ट केलं, शिवाजी फाँट लावला आणि समोर आलं, 'राजहंसगडावर आपलं स्वागत असो'. तेवीस वर्षांनी. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो, गिऱ्हाईक दोनदा हाक मारून गेलं म्हणे.

ती साईट, बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याची, आम्ही तिघांनी २००२ मध्ये केलेली. खानापुरातून सकाळच्या रेल्वेनं बेळगावला कॉलेजला जायचो. टिळकवाडीत एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजायला लागायचे, म्हणून कोड आधी लाँगबुकात पेन्सिलनं लिहायचा, गाडीतच, देसूर येईपर्यंत एक पान व्हायचं, आणि मग तासाभरात ते नुसतं टाईप करून काढायचं. वर सरकणारी अक्षरं, खाली किती जण आले ते मोजणारा काउंटर, कोपऱ्यात फावडं मारणारा तो पिवळा माणूस म्हणजे 'काम चालू आहे', आणि एक ओळ ठळक: मराठी दिसत नसेल तर हा फाँट उतरवून घ्या. तेव्हाच्या त्या फाँटांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची, समोरच्याकडे फाँट नसला की त्याला आपला गड म्हणजे नुसता कचरा दिसायचा. काउंटर ३४० पर्यंत गेला होता, त्यातले निम्मे आम्हीच. नंतर ती फुकट होस्टिंगवाली सेवा बंद पडली आणि साईट गेली. आमच्याकडे कॉपी म्हणून काय होतं तर ही फ्लॉपी.

तसं बघितलं तर सगळ्या जगाचंच हे झालं. १९९४ मध्ये सुरू झालेलं जिओसिटीज, तिथं लोकांना फुकट जागा मिळायची आणि त्या जागांना गल्ल्या-पेठांसारखी नावं होती, सिनेमाची साईट असली तर हॉलिवूड, कॉम्प्युटरची असली तर सिलिकॉन व्हॅली. याहूनं १९९९ मध्ये विकत घेतलं आणि २००९ च्या ऑक्टोबरात बंद केलं. बंद व्हायच्या आधी काही लोकांनी स्वतःहून जमेल तेवढं उतरवून ठेवलं म्हणून थोडं तरी वाचलं. जुन्या साईटी जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काईव्ह या संस्थेनं २०१६ मध्ये त्यातली हलणारी चित्रं शोधायला गिफसिटीज काढलं, तिथं ४५ लाखांच्या वर गिफ आहेत. माझा फावडंवाला मला तिथंच परत मिळाला. अगदी तोच.

तर निओसिटीज. हे काईल ड्रेकनं २०१३ मध्ये जिओसिटीजच्या आठवणीतच सुरू केलं. फुकट अकाऊंटला १ जीबी जागा, जाहिराती नाहीत, महिन्याला ५ डॉलर दिले तर जागा वाढते आणि स्वतःचं डोमेन लावता येतं. मी अजून फुकटच वापरतोय. ब्राउझरमध्येच एडिटर आहे, फाईल ओढून टाकली की साईट चालू. पहिल्या रात्री दहा मिनिटांत गडाचं पान वर गेलं. फाईलचं नाव मी जुनंच ठेवलंय, बेलगॉम डॉट एचटीएम, आम्ही तेव्हा इंग्रजीत तसंच लिहायचो. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं नाव सरकारीरीत्या बेळगावी झालं, पण फाईल त्या वेळची आहे ना, ती तशीच राहू दे.

पण गडाच्या एका पानावर काय भागणार. माझ्याकडे खरा खजिना दुसरा आहे, लग्नपत्रिका. वीसेक वर्षांत छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत मी ठेवत आलोय. आपल्याकडच्या पत्रिका बघण्यासारख्या असतात, मुलगी खानापूरची आणि मुलगा बैलहोंगलचा किंवा गोकाकचा असला की एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना आपापली बाजू आधी पाहिजे असते. खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरांची नावं. २००५ च्या आसपास सगळ्यांना गुलाबी मखमल पाहिजे होती, मग एकदम हातकागद आला. हे सगळं कोण जपणार? म्हणून मी साईटच पत्रिकांची केली. नावं, पत्ते, फोन सगळं झाकून टाकतो, नक्षी आणि मजकूर तेवढा ठेवतो. आत्तापर्यंत २१२ झाल्या, जागा गेली जेमतेम ११० एमबी.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणण्यात. जुन्या डीटीपी फाँटमध्ये अक्षर जसं दिसतं त्या क्रमानं साठवलेलं असतं, पहिली वेलांटी आधी आणि व्यंजन मागून. युनिकोडमध्ये उलटं, आधी व्यंजन मग वेलांटी. रफारही तसाच. कन्व्हर्टरला घातलं की 'सर्व' चं 'सवर्' होतं आणि 'उपस्थिती' चं 'उपस्िथती'. आणि लग्नपत्रिका म्हणजे हे दोन शब्द असणारच, 'सर्व आप्तेष्टांची उपस्थिती प्रार्थनीय'! एकेक पत्रिका डोळ्यांनी वाचून दुरुस्त केली मी. ज्यांना जुना मजकूर वर टाकायचाय त्यांनी एवढं डोक्यात ठेवूनच बसा, पाच मिनिटांचं काम म्हणून बसू नका. पण एकदा झालं की झालं. आता फाँटची फाईलच साईटबरोबर वर टाकता येते, म्हणजे बघणाऱ्याकडे फाँट असो नसो, त्याच्या मोबाईलवर माझं मराठी जसंच्या तसं दिसतं. ज्यासाठी २००२ मध्ये आम्ही लोकांना विनवण्या करत होतो ते आता आपोआप होतं, याचा आनंद मला अजून रोज होतो.

आणखी एक, माझ्या हातून झालेली चूक. फोटोच्या नावात मोठं अक्षर-लहान अक्षर सांभाळा. घरच्या विंडोजला फरक पडत नाही, सगळं नीट दिसतं, वर टाकल्यावर मात्र चाळीस चित्रांच्या जागी रिकामे चौकोन. आता सगळी नावं लहान अक्षरातच ठेवतो, मध्ये स्पेस नाही.

सरकणाऱ्या अक्षरांचा मार्की टॅग म्हणाल तर तो कधीच बाद ठरवलाय, तरी ब्राउझर अजून चालवतात. लुकलुकणारा ब्लिंक मात्र गेला, फायरफॉक्सनं शेवटी २०१३ मध्ये काढला. मी तो सीएसएसनं, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडनं, परत केलाय, फक्त एका ठिकाणी, 'शुभविवाह' या शब्दावर. बायकोनं सांगितलं बास कर, तेवढंच शोभतं, आणि तिचं खरं आहे.

काय नाही ते पण सांगतो. इथं फक्त साध्या फाईली चालतात, पीएचपीसारखा सर्व्हरवर चालणारा कोड किंवा डेटाबेस नाही, त्यामुळे येणाऱ्यांनी अभिप्राय लिहायचं गेस्टबुक पाहिजे तर बाहेरून कुठून तरी जोडायला लागतं. फुकट अकाऊंटवर ठराविक प्रकारच्याच फाईली चढतात, एमपीथ्री चढत नाही, साईटवर सनई वाजवायचा माझा बेत राहिला. आणि मोबाईलवर कोड लिहिणं त्रासाचं आहे, कॉम्प्युटर पाहिजेच. ज्यांना नुसते फोटो चार जणांना दाखवायचेत त्यांनी इकडे येऊ नये, व्हॉट्सॲप बरं. हे ज्याला स्वतःच्या हातानं भिंत लिंपायची हौस आहे त्याच्यासाठी.

भाचा दहावीत आहे, दिवाळीच्या सुट्टीत दुकानात बसायला आला. "मामा, ह्याला लाईक कुठं करायचं?" म्हणाला. मी म्हटलं राईट क्लिक कर आणि सोर्स बघ. बघितलं त्यानं. मग एक रंग बदलला, पान परत उघडलं, परत बदलला. संध्याकाळी आईनं दोनदा बोलावलं, "काय करायल्यास रे तिकडं, जेवायला ये की," तरी हलला नाही. आता त्याची स्वतःची साईट आहे, कणकुंबीच्या पावसाची. मलप्रभा तिथंच उगम पावते आणि पाऊस तर विचारू नका. बाटली कापून त्यानं मापक केलंय, आजीच्या घरच्या अंगणात ठेवलंय, पावसाळ्यात आजी रोज फोनवर आकडा सांगणार आणि हा लिहिणार असं ठरलंय. बॅकअप मात्र मी त्याला पहिल्याच दिवशी शिकवला. पूर्ण साईट एका झिपमध्ये उतरवता येते, दर रविवारी मी उतरवतो, एक पेनड्राईव्हवर, एक घरच्या कॉम्प्युटरवर.

लोक किती येतात? थोडेच. पण फेब्रुवारीत एक ईमेल आली, पुण्याहून, माहेर नंदगड. १३७ नंबरची पत्रिका बघून लिहिलं होतं, नावं झाकलीत तरी ओळखली, माझ्या मावशीच्या लग्नाची आहे, खालच्या पोरांच्या ओळीत मी आहे, तेव्हा चार वर्षांची होते, घरात एक पण प्रत उरली नाही. मी खोक्यातून ती प्रत काढली, कडेला थोडी वाळवी लागलेली, पुठ्ठ्यात घालून पोस्टानं पाठवली. त्याआधी तीनशे डीपीआयनं परत एकदा नीट स्कॅन करून घेतली.